डावी बाजू

फोटो चांगले आले तर शीलाच्या पदरात पडण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगायच्या आधी ठाऊक होतं. चार दिवस फायबरच्या खाजेपासून सुटका. मुकेशशेठच्या तोंडचं एखादं 'वा, शीलाबाई', जे दुपारच्या चहापर्यंत शिळं होतं. शेडमधल्या बाकीच्या बायकांची थोडी जळजळ. ती मात्र टिकाऊ माल. शेठचं पारडं याच्या दसपट जड होतं: वांद्र्याच्या मैदानावर भरणाऱ्या गाड्यांच्या प्रदर्शनात जागा, पेपरात नाव, आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये राहणाऱ्या त्याच्या सात चुलतभावांची तोंडं एका रविवारात बंद. फायदा एकाचा आणि उन्हात उभं राहायचं दुसऱ्यानं, ही रीत शीलाला नवी नव्हती. तरी ती हो म्हणाली. कारण तिचं एक छोटंसं, कुणाला न सांगितलेलं येणं बाकी होतं. चौदा महिने ती त्या गाडीच्या डाव्या बाजूला चिकटून बसली होती, हाताच्या अंतरावर, कधी त्याहून जवळ. आणि तीच बाजू दहा पावलं मागे जाऊन नीट बघायला तिला कधी कुणी वेळ दिला नव्हता.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या शेठच्या त्या शेडमध्ये फायबरचा माल निघतो. पाण्याच्या टाक्या, वॉचमनच्या केबिनी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बांधकामांवर नेऊन ठेवायचे फिरते संडास. साच्याला मेण लावायचं, त्यावर रंगीत रेझिनचा थर, मग काचेच्या धाग्यांची मॅट, पुन्हा रेझिन, आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. हवा राहिली तर बुडबुडा, बुडबुडा राहिला तर माल परत. एकोणीस वर्षांत शीलाच्या अंगावर त्या धाग्यांनी कायमची वस्ती केली होती. सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून धुतलेली साडी नेसल्यावरही मनगटाच्या आतल्या बाजूला अचानक खाज यायची आणि बघावं तर तिथे काहीच नसायचं. अलीकडे तिच्याकडे एक जादा काम आलं होतं. माल टेम्पोत चढण्याआधी त्यातले दोष शोधायचे, मोबाइलवर त्यांचे फोटो काढायचे आणि 'डिस्पॅच' नावाच्या ग्रुपवर टाकायचे. 'मागची बाजू, डावा कोपरा, दोन बुडबुडे.' 'दाराजवळ केसाएवढी चीर.' या कामात तिचा हात धरणारा शेडमध्ये कुणी नव्हता. माणसांचे फोटो ती काढायला गेली की मुंडकी कापली जायची, पण दोष मात्र तिच्या कॅमेऱ्यापुढे लग्नातल्या मामासारखे स्वतःहून येऊन उभे राहत. म्हणून प्रदर्शनवाल्यांनी शेठचे आठही फोटो परत पाठवले, 'यावरून गाडीबद्दल काही ठरवता येत नाही, दहा दिवसांत नवे पाठवा' असं कळवलं, तेव्हा शेठ आपला महागडा फोन हातात धरून थेट तिच्यापाशी आला.

"टॉयलेट लग रहा है, शीला," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "देख. माझी गाडी टॉयलेट दिसते. चाकवाला टॉयलेट."

शीलानं बघितलं. दिसत होती.

"तू बबलचे फोटो काढते ना, एकदम साफ. तू काढ."

"बबलचे काढते शेठ. चांगल्या वस्तूचा फोटो मी कधी काढलेला नाही."

"तो सीख ले. दस दिन आहेत."

गाडी मात्र चांगली होती. शेठचा कितीही राग आला तरी हे शीला नाकारत नसे. दोन माणसांपुरती, जमिनीलगत, पेनातल्या शाईसारखी गडद निळी, कुठल्याच कंपनीची नाही आणि कुठल्याच परदेशी गाडीची नक्कल नाही. इंजिन एका अपघातातल्या गाडीचं, पण वरचं अंग पूर्ण इथलं. शेठनं कागदावर चित्र काढलं, मग लाकूड, प्लास्टर आणि पुट्टीची पूर्ण आकाराची गाडी शेडच्या मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. ती घासून घासून गुळगुळीत करायची, तिच्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून फायबरची खरी गाडी. साचा विसरत नाही. खालच्या घडणीत हाताची जी चूक राहील ती जन्मभर मालावर उमटते. शेठनं उजवीकडून सुरुवात केली, घासायचं मशीन घेऊन. महिनाभरानं त्याच्या लक्षात आलं की या वेगानं आपण म्हातारे होऊ. "तू उधर से चालू कर," तो शीलाला म्हणाला, आणि डावी बाजू अशी, वेळ वाचवण्यापुरती, तिच्या वाट्याला आली. तिनं मशीन मागितलं नाही. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून ती दुपारी दोन ते पाच घासत बसायची; मग डोळे मिटून तळहात फिरवायचा, हेडलाइटपासून मागच्या चाकापर्यंत, एका दमात. जिथे तळहाताला शंका आली तिथे पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. तिचे वडील इथल्याच काडेपेटीच्या कारखान्यात होते. पेटी तळहातावर ठेवून, न उघडता, आत दोन काड्या कमी आहेत हे सांगायचे, आणि उघडून मोजल्या तर दोनच कमी निघत. घरात मात्र चूल पेटवायला ते कधी काडी ओढत नसत. आईला सांगत, तू ओढ, मी दिवसभर तेच बघतो. हा तळहात त्यांचा आहे, असं तिला घासताना वाटायचं. पण ही गोष्ट सांगावी असं शेडमध्ये कुणी नव्हतं, आणि घरी नवरा किसन केमिकल कंपनीच्या पाळीवरून आलेला, आधीच अर्धा झोपलेला असायचा.

शेठनं फॉर्म आणि ईमेलचा पत्ता शीलाच्या फोनवर पाठवून दिला, म्हणजे फोटो काढून झाले की ते जोडून तिथूनच पाठवायचे. त्याला वाटलं असावं की इंग्रजी फॉर्म शीलाकडे जाणं म्हणजे कपाटात जाणं. पण बदलापुरात, कात्रपच्या तिच्या दोन खोल्यांत इंग्रजी वाचणारं माणूस होतं. तिची मुलगी ऋतिका बी.कॉम. करून बदलापूर स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात लागली होती आणि गिऱ्हाइकाला फोन विकण्याआधी त्याच्या बायकोचा सुंदर फोटो काढून दाखवायची, हे तिचं धंद्याचं गुपित. संध्याकाळी शीला गवार मोडत बसली होती आणि ऋतिका फॉर्म मोठ्यानं वाचत होती. "डिझाइन, मुकेश रोहरा. बॉडीवर्क, मुकेश रोहरा. फिनिशिंग, मुकेश रोहरा. असिस्टेड बाय, म्हणजे मदतीला कोण होतं," ती थांबली. "निल."

"निल म्हणजे कोण?"

"कोणी नाही मम्मी. निल म्हणजे शून्य."

कुकरची शिट्टी झाली. शीला "बरं" म्हणाली आणि पुढची शेंग मोडली. शेंग कोवळी होती, तिचा आवाजही झाला नाही. मनगटाला खाज आली. तिला रागावता येत नव्हतं, कारण राग यायला आधी काहीतरी अपेक्षा लागते, आणि अपेक्षा केली होती हेच तिला आत्ता, या क्षणी, कळत होतं. नाव यावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण तिथे एक रकाना होता. प्रदर्शनवाल्यांनी, ज्यांना ती ओळखत नव्हती अशा कुण्या सभ्य माणसांनी, आपण होऊन विचारलं होतं की मदतीला कोण होतं. आणि शेठनं, ज्याला ती एकोणीस वर्षं ओळखत होती, विचार करून, स्थिर हातानं, तिथे शून्य लिहिलं होतं. रिकामं सोडलं असतं तर विसरला म्हणता आलं असतं. शून्य विसरून लिहिता येत नाही. "गवार झाली का?" किसननं आतून विचारलं. "होतेय," ती म्हणाली, "निल राहिलीय." ऋतिका हसली, मग आईच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

"नको काढू त्याचे फोटो," ती म्हणाली.

"काढणार. तू मला शिकव. असं शिकव की त्या प्रदर्शनवाल्यानं जेवण सोडून बघत बसलं पाहिजे."

मग धडे सुरू झाले, आणि पहिल्याच धड्याला शीलाची एकोणीस वर्षांची सवय आडवी आली. दोष बघणारा माणूस जवळ जातो. ती कुकरचा फोटो काढायला गेली (घरात वळणदार आणि चकचकीत असं तेवढंच होतं) तर थेट त्याच्या अंगावर गेली, आणि फोटोत कुकरचं पोट फुगून पुढे आलं, त्याचं झाकण मागे पळालं आणि मधोमध हातभर नाकाची, बुटकी, भेदरलेली एक बाई आली. "मागे जा," ऋतिका म्हणाली, "अजून मागे. दारापर्यंत जा, आणि तिथून झूम कर. जवळून काढलं की नाक मोठं येतं, माणसाचं पण आणि गाडीचं पण." शीला दारात गेली. कुकर सरळ झाला. दुसऱ्या दिवशी उंची: उभ्यानं काढला तर कुकर गरीब दिसतो, त्याच्याइतकं खाली बसून काढला तर ऐटीत. शीलाच्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण खाली बसून बघणं तिच्या अंगवळणी होतं; चौदा महिने तिनं त्या गाडीला कधी उभ्यानं बघितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र तिला जे कळलं ते ऋतिकानं शिकवलं नव्हतं. ती कुकर गॅलरीत घेऊन गेली आणि तो एकाएकी सुंदर झाला. तोच कुकर, तीच ती. बदललं होतं ते समोरचं: आत फडताळ आणि बल्ब होता, इथे आकाश आणि लांबच्या इमारतींची रेघ. म्हणजे चकाकणाऱ्या वस्तूचा फोटो काढताना ती वस्तू दिसतच नाही, तिच्यासमोर जे आहे तेच दिसतं. गाडीचा फोटो काढायचा तर आधी गाडीकडे पाठ करायची आणि तिला काय दाखवायचं ते ठरवायचं. शीला कठड्याला टेकून उभी राहिली. शेठनं शेडमध्ये फोटो काढले होते. गाडीसमोर काय होतं? ओळीनं उभे केलेले अकरा संडास. बिचारी गाडी, जे दिसलं तेच तिनं सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला गाडी शेडबाहेर ढकलून काढली, मागच्या मोकळ्या प्लॉटवर. समोर काही नाही, फक्त सुकलेलं गवत आणि त्यापलीकडे मलंगगडाची रांग. आदल्या दुपारी शीलानं गाडी चमकवून ठेवली होती. तिच्यासाठी चमकवणं म्हणजे एकच: साच्याचं मेण, हाताएवढा डबा, कापडावर घेऊन गोल गोल, तीन हात. एकोणीस वर्षांत तिनं जे जे चमकवलं ते त्याच मेणानं. ऋतिकानं आपल्या दुकानासमोरच्या टपरीवरून एक काळा गॉगल आणला होता, उल्हासनगरचा माल, वर परदेशी कंपनीचं नाव खोटं, पण काच खरी. ती फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून फिरवली की गाडीच्या काचेवरची पांढरी तिरीप पुसली जायची. शीलानं गॉगल धरला, दहा पावलं मागे गेली, मग पंधरा, मग गुडघ्यावर बसली आणि डाव्या बाजूकडे बघितलं.

तिला प्रथम वाटलं गाडीवर कुणी दोरी ताणली आहे. हेडलाइटपासून निघालेली, दारावरून गेलेली, मागच्या चाकावर किंचित चढून शेपटीकडे उतरलेली एक उजळ रेघ. वर आकाश, खाली गवत, आणि दोन्हींची सीमा गाडीच्या अंगावरून अशी गेली होती की मध्ये कुठेही श्वास घेतला नव्हता. शीलाच्या तळहाताला ती रेघ ओळखीची होती. डोळ्यांची आणि तिची भेट आज होत होती. हे मी केलं, असं काही तिच्या मनात आलं नाही. मनात आलं ते इतकंच, की वडिलांनी पेटी न उघडता ओळखलेल्या काड्या कधी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. तिनं फोटो काढला. मग दुसरा. मग उठून, गुडघे झाडून, दुसऱ्या बाजूला गेली, तेवढीच पावलं मागे, तेवढंच खाली. उजव्या बाजूवर तीच रेघ होती. दारापर्यंत ठीक आली, दारावर दचकली, एकदा खाली, एकदा वर, आणि मागच्या चाकाजवळ चक्क तुटून दोन झाली. खड्ड्यांतून रिक्षा जाते तशी. मशीननं घासलेलं होतं. मशीनला घाई असते आणि तळहात नसतो.

शीला बराच वेळ तिथे बसून राहिली. तिनं शिकलेलं सगळं तिला आत्ता उजव्या बाजूसाठीही वापरता येण्यासारखं होतं. ढगाळ वेळ निवडायची, गाडी भिंतीजवळ लावायची, म्हणजे अंगावर रेघच पडणार नाही, आणि जी रेघ पडली नाही ती तुटलेली दिसणार कशी? दोष लपवायला दोष शोधणारीइतकं चांगलं कोण? शेठला हेच हवं असणार, न सांगता. तिच्या मनगटाला खाज आली आणि तिनं ती खाजवली नाही.

साडेआठला शेठ आला, खिशातून मखमली पिशवी काढत. आत स्टीलची अक्षरं होती, एका पट्टीवर जोडलेली, इंग्रजीत 'रोहरा', मागे चिकटपट्टी. "अब देख," तो म्हणाला आणि गाडीच्या मागच्या अंगावर, मधोमध, नाव दाबून बसवलं. दोन पावलं मागे सरकला. नाव हळूच सुटलं आणि गवतात पडलं. त्यानं उचललं, फुंकलं, पुन्हा दाबलं, मनातल्या मनात दहा मोजले. नाव पुन्हा पडलं.

"काय लावलंय तू याला?"

"मेण."

"कौनसा मेण?"

"आपलंच. साच्याचं."

शेठ तिच्याकडे बघत राहिला. साच्याचं मेण असतंच यासाठी की त्यावर काहीही चिकटू नये. त्याच्याच जोरावर त्याचे एकोणीस वर्षांचे संडास साच्यातून सुटून आले होते. "अरे साईं," तो म्हणाला आणि हसायला लागला. शीलालाही हसू आलं. क्षणभर दोघं जुन्या कामगारांसारखी हसली, कारण ही चूक फक्त त्यांच्याच शेडमध्ये होऊ शकत होती. मग शेठचं हसणं आधी संपलं. "थिनरनं पुस," तो म्हणाला. "नाव लागलं पाहिजे. पुढच्या बार फोटोत नाव पाहिजे."

"शेठ, फॉर्म वाचला मी. मुलीनं वाचून दाखवला."

"मग?"

"मदतीला कोण होतं, तिथे निल आहे."

शेठनं अक्षरांवरचं गवत झटकलं. "वो तो फॉरमॅलिटी असते, शीला. नाम का क्या है? नाव लिहून तुला काय भेटणार? काम आहे ना, घर चालतं ना?"

"नावाचं काही नसेल तर ही पट्टी कशाला बनवून घेतली?"

शेठचा चेहरा बदलला. तो वाईट माणूस नव्हता, हीच शीलाची अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. तो बोनेटला टेकू पाहत होता, मग मेण आठवून सरळ झाला. "तुला माहीत नाही," तो म्हणाला. "माझा दादा, आजोबा, कॅम्प दोनमध्ये पँट शिवायचा. चाळीस साल. एकदम फर्स्ट क्लास पँट. आणि आत लेबल कुणाचं? बाहरवालों का. आम्ही पोरं रात्रीचं जेवण झालं की लेबलं कापायचो, कात्रीनं, शंभर-शंभर. लोग बोलते थे डुप्लिकेट. पँट डुप्लिकेट नव्हती, शीला. पँट ओरिजिनल थी. बस नाव दुसऱ्याचं होतं. दादा मेला तेव्हा घरात त्याच्या नावाची एक पँट नव्हती." त्यानं पट्टी हातात फिरवली. "इसलिए ये नाम."

शीलानं ऐकून घेतलं. तिला त्या म्हाताऱ्याची कणव आली, खरीच आली, आणि त्या कणवेतूनच तिचं उत्तर सरळ वर आलं.

"मग शेठ, तुम्हाला तर कळायला पाहिजे."

तो पट्टी पिशवीत टाकून शेडकडे गेला.

पुढचे दोन दिवस तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. गाडी थिनरनं पुसून घेतली गेली, शीलानंच पुसली. आठव्या दिवशी पुन्हा प्लॉटवर जायचं ठरलं, आणि आदल्या दुपारी शीलानं मेणाचा डबा पुन्हा उघडला. पहिल्यांदा झाली होती ती चूक होती. या वेळी तिनं चार हात लावले, शेपटीवर पाच.

सकाळी शेठ इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि गाडीशेजारी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. शीला पंधरा पावलांवर गुडघ्यावर होती. "शेठ, बाजूला व्हा, फोटोत येताय," ती म्हणाली. तो सरकला. "अजून. अंगावर तुमची सावली पडते तिच्या." तो अजून सरकला. "आत बसा आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवा, चाकाचं तोंड माझ्याकडे आलं पाहिजे. आता उतरा. दार लावा. हळू." शेठ आत बसला, वळवलं, उतरला, हळू लावलं. एकोणीस वर्षांत तिनं त्याला एका दमात इतक्या गोष्टी कधी सांगितल्या नव्हत्या, आणि तो ऐकत होता, कारण फोनच्या मागे जो असतो त्याचं ऐकावं लागतं. ही गोष्ट कुठल्याच धड्यात नव्हती. डाव्या बाजूचे तिनं चार काढले. मग पुढचा, मागचा, आतला. मागच्या फोटोच्या वेळी शेठनं पट्टी लावली, ती पडली. त्यानं शीलाकडे बघितलं, शीलानं त्याच्याकडे. "राहू द्या," ती म्हणाली, "ऊन जातंय." आठवा फोटो उजव्या बाजूचा. तेवढंच अंतर, तीच उंची, तोच उजेड, समोर तेच आकाश आणि गवत. तिनं उजवीला फसवलं नाही आणि सांभाळलंही नाही. माप एकच लावलं.

"राइट का अच्छा आया?" शेठनं विचारलं.

"जशी आहे तशी आली."

त्या संध्याकाळी, किसन पाळीला निघायच्या आधी, कात्रपच्या खोलीत तिघं फोनभोवती बसली. ऋतिकानं फोटो जोडले. "फॉर्म तसाच पाठवू?" तिनं विचारलं. शीला म्हणाली, "शून्य काढ. तिथे लिही, डावी बाजू, शीला खरात. बॉडीवर्कमध्ये त्याच्या नावापुढे लिही, उजवी बाजू. डिझाइन त्याचंच राहू दे, चित्र त्यानंच काढलं."

"फिनिशिंग?"

शीलानं थोडा विचार केला. "डावी, उजवी. तसंच."

"तो काढून टाकेल तुला," किसन बूट घालता घालता म्हणाला.

"काढेल."

"गुपचूप पाठव मग. त्याला कशाला कळवायचं?"

"चोरून नाही," शीला म्हणाली. "ऋतिका, त्याला पण एक प्रत जाऊ दे. ईमेलच्या वरच्या रकान्यात, उघड. त्याला दिसली पाहिजे."

शेठ दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत आला नाही. आला तो फोन पुढे धरून, चेहरा लाल. "किसने बोला तेरे को?" तो ओरडला, रोलर थांबले, बायका वळल्या. "किसने बोला था लिखने को?"

"फॉर्ममध्ये विचारलं होतं," शीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच सपाट वाटला, घासलेल्या पुट्टीसारखा. "कोण होतं ते विचारलं होतं. मी होते."

शेठ ती नोंद मागे घेणारच होता, पण दुपारी तीनला उत्तर आलं. गाडी निवडली गेली होती. डाव्या बाजूचा तिसरा फोटो त्यांना इतका आवडला होता की तो मोठा करून स्टॉलच्या फलकावर लावणार होते, खाली दोन्ही नावांसह, 'दोन हातांनी घडवलेली गाडी' अशी ओळ देऊन. शेठला आता नाव खोडायचं तर फोटो खोडावा लागला असता, आणि फोटो खोडला तर वांद्रे हातचं गेलं असतं. चुलतभावांचा विचार करून त्यानं फलक स्वीकारला. पण दुसऱ्या सोमवारी दोषांचे फोटो काढायचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं आणि शीला संडासांच्या साच्यावर, मॅटच्या टेबलाशी, जिथून एकोणीस वर्षांपूर्वी तिनं सुरुवात केली होती तिथे परतली. तिनं बाह्या खाली ओढल्या आणि रोलर उचलला. प्रदर्शनाचे दोन पास आले होते, त्यांचं काय झालं हे तिनं विचारलं नाही.

रविवारी ऋतिकानं दोन तिकिटं काढली. मैदानावर मांडव होता, मोठमोठ्या गाड्या, आणि त्यांच्या मागच्या रांगेत घरी घडवलेल्यांची जागा. शेठनं आपली गाडी अशी लावली होती की तिची उजवी बाजू लोकांकडे आणि डावी मागच्या पत्र्याच्या भिंतीला; मध्ये जेमतेम हातभर फट. शीला बघून हसली. शेठ चुलतभावांच्या घोळक्यात होता, त्याची पाठ तिच्याकडे. पण वर फलक होता, पुरुषभर उंच, आणि त्यावर ती रेघ, हेडलाइटपासून शेपटीपर्यंत, श्वास न घेता. लोक फलक बघायचे, मग गाडी बघायचे, मग पुन्हा फलक. मग एखादा पोट आत ओढून त्या फटीत शिरायचा. शीला तिथे होती तेवढ्या वेळात पुष्कळ जण पत्र्याला पाठ घासत आत गेले, शर्टाला गंज लावून घेतला आणि दुसऱ्या टोकाला मान हलवत बाहेर आले. उजव्या बाजूला, मोकळ्या जागेत, कुणी थांबत नव्हतं.

ती पण शिरली. आत पत्रा तापलेला होता आणि गाडी गार. तिनं डोळे मिटले, तळहात दारावर ठेवला आणि मागे नेला, एका दमात.

"ओ मॅडम, हात नका लावू," पलीकडून रखवालदार म्हणाला.

"लावलाय आधीच," शीला म्हणाली. "चौदा महिने." आणि हात शेवटापर्यंत नेऊनच काढला.

तिथे, शेपटीवरून मागच्या अंगाकडे वळताना, तळहाताला काहीतरी टोचलं. तिनं वाकून बघितलं. मेणावर नाव टिकेना म्हणून शेठनं पट्टी स्क्रूनं ठोकली होती, चार स्क्रू, ड्रिलनं भोकं पाडून. प्रत्येक भोकाभोवती निळा थर तडकला होता. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा सगळीकडे धावल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या बोटभर होतील, हे शेडमधल्या कुणालाही कळलं असतं. 'रोहरा' मात्र घट्ट बसलं होतं. शीलानं फोन काढला. मागे जायला जागा नव्हती, आणि दोषासाठी मागे जायचंही नसतं. ती अगदी जवळ गेली, गॉगलची काच धरली, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला, इतका साफ की चिरा मोजाव्यात. 'डिस्पॅच' ग्रुपमधून तिला अजून कुणी काढलं नव्हतं. तिनं नेहमीच्या शब्दांत लिहिलं, 'मागची बाजू, चार भोकं, भोवती चिरा. दुरुस्ती लागेल,' आणि पाठवून दिलं. पलीकडे घोळक्यात शेठच्या खिशातला फोन वाजला.

परत येताना, बदलापूरच्या रिक्षात, तिनं कुणी काय भरलं ते मांडून बघितलं. ऋतिकानं एक रविवार भरला. शीलानं कॅमेऱ्याचं काम भरलं, आणि आता निवृत्तीपर्यंत मॅटची खाज. शेठनं निम्मं नाव भरलं. त्या घराण्याला नावाची किती वर्षांची भूक होती ते पाहता सगळ्यांत जड त्यालाच गेलं असणार. आणि उरलेल्या निम्म्या नावापायी चार भोकं सोसली ती गाडीनं, जिनं कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं. डाव्या बाजूकडे मात्र कुणाचं काही येणं निघालं नाही.